टिकारामजींचे वरचे दात

भंडाऱ्यात माझा दातांचा दवाखाना आहे, बसस्टँडपासून चालत सात-आठ मिनिटांवर. मी मूळची शहापूरची. नागपूरला शिकले आणि २०१३ पासून इथेच आहे. इतक्या वर्षांत हजारो तोंडं पाहिली, त्यातली बहुतेक विसरले. टिकारामजी सोनकुसऱ्यांचं तोंड मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पण ते काढून टाकायची वेळ आली तेव्हा मी एक महिना उशीर केला. त्या महिन्यामुळेच हे लिहायला बसले आहे.

टिकारामजी पवनीचे. घराणं विणकरांचं. घराच्या पुढच्या खोलीत हातमाग होता, खड्ड्यातला. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. पूर्वी ते लुगडी विणायचे. लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही तसे पंचे आणि टॉवेल विणू लागले. त्यांची बायको शकुनबाई ओसरीत बसून रहाटावर कांड्या भरायची. इकडून तिकडे फेकायच्या धोट्यातली कांडी संपत आली, म्हणजे तिच्यावरचं सूत संपत आलं, की आतून हाक यायची, "शकून!" बाहेरून "हाव" म्हणत शकुनबाई भरलेली कांडी नेऊन द्यायची.

त्यांच्या पिढीत नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. 'अवो' म्हटलं की भागायचं. पण मागाच्या खडखडाटात 'अवो' ऐकूच जायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी टिकारामजींनी वैतागून नाव घेतलं. त्यांच्या आईनं दोन दिवस तोंड फुगवलं. मग तिलाही सवय झाली, आणि ती हाक पुढची चाळीस वर्षं चालली.

दात गेले खर्र्यामुळे. आमच्या भागात नवीन सांगण्यासारखं त्यात काही नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात धरून काम करायचं. मागावर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले, तोंड तेवढं मोकळं. पन्नाशीच्या आधीच हिरड्या सुटल्या आणि तीन-चार वर्षांत वरचे सगळे दात पडले. खाली पुढचे सात राहिले. कुणीतरी कवळी करून दिली होती, पण ती टाळूला लागली की ओकारी यायची, म्हणून ती डब्यात पडून राहिली. अकरा वर्षं ते वरच्या दातांविना जगले.

दात नसले की बोलणं बदलतं. 'स' आणि 'श' दातांवरून घासून निघणारे आवाज आहेत. दात नसले की हवा नुसती पसरते. 'त', 'द', 'न' म्हणताना जीभ दाताला टेकायला जाते आणि हिरडीवर घसरते. ओठ आत जातात, गाल बसतात, तोंडाची पोकळीच लहान होते, म्हणून आवाज मऊ आणि दबका येतो. टिकारामजींचा 'श' जवळजवळ 'ह' व्हायचा. 'शकून' त्यांच्या तोंडून 'ह्यकून'सारखं यायचं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांचा मुलगा अंकुर त्यांना घेऊन आला. अंकुर जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात नोकरीला, बायको-मुलीसह तिथल्याच क्वार्टरमध्ये राहणारा. त्याला बाबांना पक्के दात बसवायचे होते. हाडात स्क्रू बसवून त्यावर दातांची ओळ कायमची आवळायची, ज्याला आम्ही इम्प्लांट म्हणतो. टिकारामजी खुर्चीत अवघडून बसले होते. अंगावर मांस नव्हतं. पातळ भात आणि वरण, एवढ्यावर ते दिवस काढत होते.

मी विचारलं, "काका, तुम्हाला स्वतःला हवे आहेत का दात?"

ते म्हणाले, "मले काही हौस नाही म्याडम. पन तिले उचलाची ताकद पायजे ना. परवा न्हाणीत पडली तं माह्याच्यानं उचलली नाही गेली. बाजूच्या देवकाबाईले हाक माराव लागली."

'ती' म्हणजे शकुनबाई. तिचं विसरणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. आधी पांढऱ्या सुताच्या कांड्या सांगितल्या की लाल भरायची. मग भाजीत मीठ दोनदा. मग एकदा घाटावर कपडे धुवायला गेली आणि परतीचा रस्ता विसरून वैनगंगेच्या कडेकडेनं चालत राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. २०१७ पर्यंत तिला चेहरे कळेनासे झाले होते. अंकुरला ती आपला भाऊ समजायची. नातीला 'कोनाची पोरगी हे?' म्हणायची. समोर बसलेल्या टिकारामजींकडेही ती कधीकधी कोरं पाहायची. पण त्यांनी तोंड उघडलं की तिचा चेहरा सैल पडायचा. त्यांचा आवाज तिला कळत होता.

त्या आवाजावर त्यांचं घर चाललं होतं. ते आत मागावर, ती ओसरीत. दर थोड्या वेळानं ते हात थांबवून हाक मारायचे, "शकून, हायेस का वो?" बाहेरून "हाव" आलं की पुन्हा धोटा फेकायचे. "हाव" आलं नाही तर खड्ड्यातून उठून पळायचे. रोज शंभर वेळा तरी हे व्हायचं. तिला जेवू घालताना, केस विंचरताना, दारात जाऊन उभी राहिली की परत आणताना ते सतत बोलत असायचे. काय बोलायचे ते महत्त्वाचं नव्हतं. आज काय विणलं, कोण भेटलं, नदीला पाणी किती, असंच काहीही.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. वेळोवेळी, खुर्चीत बसून, बसची वेळ पाहत पाहत. मी ऐकलंही होतं. तरी आवाज बदलेल हे आपण त्यांना नीट सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं नाही. "सुरुवातीला बोलताना थोडं वेगळं वाटेल, मग सवय होते," हे वाक्य मी सगळ्यांना म्हणते, तसं त्यांनाही म्हटलं. त्यांनी मान हलवली.

वरच्या हाडात सहा स्क्रू बसवले. हाड त्यांना धरेपर्यंत महिने जातात. तेवढ्या काळात ते सात-आठ वेळा आले. शेजारच्या देवकाबाई शकुनबाईजवळ बसायच्या. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर, मी दातांची ओळ पक्की आवळली.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी खूश होते. गाल भरले, ओठ पुढे आले, माणूस दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. अंकुरनं फोनवर फोटो काढले. मीही काढले, पुढच्या महिन्यात नागपूरला दंतवैद्यांची परिषद होती, तिथे मला ते दाखवायचे होते. मग मी त्यांना साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावलं. आमची ती परीक्षाच असते. मराठीत साठीचे आकडे 'स' आणि 'ष्ट'नं भरलेले आहेत, कुठे हवा निसटते ते लगेच कळतं.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट," टिकारामजी मोजत गेले. प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजत होती. दातांची ओळ आणि हिरडी यांच्यामध्ये साफसफाईसाठी थोडी फट ठेवावी लागते, तिथून हवा जाते. आवाजही पूर्वीपेक्षा मोठा आणि कडक येत होता. सत्तरवर ते थांबले, हात तोंडावर ठेवला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"हा कोन बोलून राहिला?" ते म्हणाले.

अंकुर हसला. मीही हसले. म्हटलं, "पंधरा दिवसांत जीभ शिकते काका. रोज पेपर मोठ्यानं वाचा."

पुढचं त्यांनी मला आठवड्यानं सांगितलं.

त्या दुपारी ते पवनीला उतरले, घरी गेले. शकुनबाई ओसरीत बसली होती, देवकाबाई तांदूळ निवडत होत्या. टिकारामजींनी रोजच्यासारखी दारातून हाक मारली, "शकून, आलो वो मी."

शकुनबाईनं मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला.

"कोन पायजे जी?" तिनं विचारलं. "ते घरी नाही. भंडाऱ्याले गेले. बसा, येतीलच आता."

देवकाबाईंना आधी हसू आलं. "अवो, तुया नवरा होय!" त्या म्हणाल्या. मग शकुनबाईच्या तोंडाकडे पाहून त्यांनी तांदूळ बाजूला ठेवले. शकुनबाई उठली, आत गेली आणि खूप वेळानं पेलाभर पाणी घेऊन आली. पाहुण्याला देतात तसं पेला त्यांच्यासमोर खाली ठेवून मागे सरकली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, पेलो मी पानी," टिकारामजी म्हणाले. "ओसरीत बसून पेलो. माह्याच घरात."

त्यांना वाटलं, आज उद्या ओळखेल. पण रोज तसंच होत राहिलं. त्यांच्या हातचा घास ती घेईना. अंघोळीला नेताना किंचाळायची, परक्या माणसानं हात धरल्यावर कुठलीही बाई किंचाळेल तशी. अंघोळ आणि साडी देवकाबाईंनी पाहायची असं ठरलं. मागावरून हाक मारली की ओसरीतून "हाव" येईना. हाक ऐकून ती उलट घाबरायची. म्हणून ते गप्प राहू लागले, आणि गप्प राहिले की ती उठून त्यांना शोधायला बाहेर पडायची.

मी दातांच्या मागची बाजू घासून पातळ केली, जिभेला जागा दिली. फट थोडी भरली. शिट्टी कमी झाली. साठ-सत्तर जवळजवळ स्वच्छ आले. मला वाटलं, जमलं. त्यांना म्हटलं, "आता बघा, तुमचा तरुणपणीचा आवाज परत येईल. तो तर त्यांना आठवत असेल."

त्यांनी थोडा विचार केला. "नाही म्याडम. तरनेपनी बी मी असा नोहतो बोलत. हा दुसऱ्याच कोनाचा हाय."

ते खरं होतं. हे दात त्यांच्या जुन्या दातांच्या जागी, त्या कोनात, त्या जाडीचे नव्हते. मी ते जुने दात कधी पाहिलेच नव्हते. मी मापं घेऊन, चेहऱ्याला शोभतील असे दात केले होते.

त्यांनी स्वतः बरेच उपाय केले. मागाच्या खड्ड्यात बसून तासन्‌तास 'श, श, श' म्हणत राहायचे. ओठ दातांवर दुमडून बोलून पाहिलं. तोंडात ओल्या पंच्याचं टोक धरून पाहिलं. अंकुरनं फोनमध्ये त्यांचा जुना आवाज शोधला. नातीच्या वाढदिवसाचा एक व्हिडिओ मिळाला. त्यात केक कापताना गर्दीमागून टिकारामजींचे दोनच शब्द ऐकू येत होते, "सरका, सरका." तो लावल्याबरोबर शकुनबाई उठली. "आले का?" म्हणत दाराकडे गेली, मग माजघरात, मग खाटेखाली वाकून पाहिलं. अंकुरनं तीनदा लावला, तिन्ही वेळा ती शोधत फिरली. टिकारामजींनी त्याच्या हातातला फोन उलटा ठेवला. म्हणाले, "राहू दे. तिले दमवू नोको."

नोव्हेंबरच्या शेवटी ते एकटे आले आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच म्हणाले, "म्याडम, काहाडून द्या."

मी त्यांना बसवलं. समजावलं की हाड छान धरलं आहे, तुम्ही नीट जेवताय, वजन वाढलंय, आता काढलं तर पुन्हा पातळ भातावर याल. हे सगळं खरं होतं. त्याच संध्याकाळी अंकुरचाही फोन आला.

"मॅडम, काढू नका," तो म्हणाला. "माय आज ना उद्या कोणालाच ओळखणार नाही, आवाजानं पण नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे. बाबांना अजून पंधरा वर्षं जगायचं आहे. ते खाऊ नाही शकले तर मायच्या आधी तेच जातील."

त्याचंही चूक नव्हतं. मी टिकारामजींना सांगितलं, अजून महिनाभर थांबा, बोलणं आणखी सुधारेल, तोवर त्यांनाही सवय होईल. विसरणं इतकं वाढलेल्या बाईला नवीन आवाजाची सवय होत नसते, हे मला कळायला हवं होतं. आणि एक गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही कबूल केली नव्हती. नागपूरची परिषद डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. माझ्या फोटोंना तिथे टाळ्या पडल्या. ते दात मला तोंडातून काढायचे नव्हते.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी पवनीला गेले. का गेले ते सांगता येत नाही. टिकारामजींनी महिनाभरात एकही फोन केला नव्हता, तेच मनात सलत होतं.

घर सापडायच्या आधीच मला ते दोघं दिसले. बाजाराच्या रस्त्यानं शकुनबाई चालली होती. बारीक चणीची, केस नीट विंचरलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिच्या मागे दहा-बारा पावलं अंतर ठेवून टिकारामजी चालत होते. ती थांबली की तेही थांबायचे. एका दुकानाशी तिनं विचारलं, "आमच्या घरच्याईले पाह्यलं का जी? सकारीच गेले." दुकानदाराला सवय झालेली असावी. तो म्हणाला, "येतीन काकू, तुमी घरी जा." त्यानं नजर उचलून मागे टिकारामजींकडे पाहिलं आणि पुन्हा वजन करू लागला.

पुढे कोपऱ्यावर ती वळली आणि टिकारामजींच्या समोरच आली. आता तिनं त्यांनाच विचारलं.

"भाऊ, तुमी पाह्यलं का त्याईले? उंच आहेत. पवनीचेच आहेत. टिकाराम नाव हाय."

नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. तेही तिनं आता परक्या माणसासमोर घेतलं.

टिकारामजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती घाबरली असती. त्यांनी फक्त हातानं घराकडची दिशा दाखवली. ती "हाव का?" म्हणाली आणि त्या दिशेनं चालू लागली, आणि ते पुन्हा दहा पावलं मागून.

मी ओसरीपर्यंत त्यांच्या मागे गेले. देवकाबाईंनी तिला आत घेतलं. टिकारामजींनी मला पाहून हात जोडले. मला म्हणायचं होतं ते मी लगेच म्हटलं, नाहीतर धीर झाला नसता. "काका, उद्या या. काकूंनाही घेऊन या. काढून देते."

ते म्हणाले, "अंकुर?"

"अंकुरशी मी बोलते."

अंकुरशी बोलणं सोपं नव्हतं. तो चिडला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच गाडी घेऊन पवनीला गेला आणि दोघांना घेऊन आला. शकुनबाई पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी, भाऊ समजून त्याच्याशी माहेरच्या गोष्टी करत आली होती. टिकारामजी मागे, रस्ताभर गप्प.

ती बाहेरच्या बाकावर बसली. मी आत काम सुरू केलं. स्क्रूंच्या तोंडावर भरलेला पांढरा मसाला कोरून काढायचा, मग ओळ आवळून धरणारा एकेक छोटा स्क्रू उलटा फिरवायचा. अर्ध्या तासात ओळ हातात आली. हाडातले सहा स्क्रू तसेच ठेवून मी त्यांवर लहान टोप्या बसवल्या. टिकारामजींचे ओठ आत गेले, गाल बसले. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि आरशात पाहायला नकार दिला.

मग ते दाराशी गेले आणि पडदा बाजूला न करताच, हलक्या आवाजात म्हणाले, "शकून."

मी पडद्याच्या कडेनं पाहत होते. शकुनबाईच्या हातात पदराचं टोक होतं, ती ते पिळत बसली होती. तिचे हात थांबले.

"हाव," ती म्हणाली. आणि मग, पडदा सरकवून ते बाहेर आले तेव्हा, रागावली. "कुठी होते जी तुमी इतके दिवस? मी किती पाह्यलं तुमाले!"

"इथीच होतो वो," टिकारामजी म्हणाले.

अंकुर बाहेर रस्त्यावर निघून गेला.

त्यानंतर तीन-साडेतीन महिने बरे गेले. मी अधूनमधून फोन करायची. माग चालत होता, हाकेला "हाव" येत होतं, ती त्यांच्या हातचं खात होती. एकदा फोनवर त्यांनी सांगितलं, की दुपारी जेवताना ती अचानक म्हणाली, "तुमी नोहते ना, तवा एक मानूस यायचा घरी."

"कोन?" टिकारामजींनी विचारलं.

"मले नाही माहीत. बोले मोठ्यानं. पन चांगला होता बिचारा. भात घेऊन जवर बसे, खाय म्हने. मी नाही खाल्ला."

"मंग तो?"

"बसे मंग तसाच. मले वाटे, याच्या घरी कोनी नसन." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता येत नाही."

हे सांगताना टिकारामजींचा आवाज काही हलला नाही. ते एवढंच म्हणाले, "तिले त्याची दया येत होती म्याडम."

चैत्रात तिचं "हाव" कमी होत गेलं. आधी दहा हाकांना सात, मग तीन. मे महिन्यात एक दिवस ते मागावरून उठून बाहेर आले, अगदी तिच्या कानाशी वाकून नाव घेतलं, तर ती भिंतीकडे पाहत राहिली. ती कुठे निघून गेली नव्हती, तिथेच होती, पण आता तिला तो आवाजही परका झाला होता. घाबरायचीही नाही. अंकुर म्हणाला होता तसंच झालं, आणि ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. २०१८च्या पोळ्यानंतर ती तापानं गेली.

माझ्या हिशेबात साडेतीन महिने तिला टिकारामजी मिळाले. त्यांनी पहिल्यांदा मागितलं तेव्हाच मी ऐकलं असतं तर साडेचार मिळाले असते. तो एक महिना तिनं रस्त्यावर त्यांना शोधत काढला.

शकुनबाई गेल्यानंतर दोन महिन्यांनी टिकारामजी दवाखान्यात आले. पुन्हा हाडं वर आलेली. मला वाटलं टोप्या दुखत असतील. ते म्हणाले, "ते दात ठेवले असतीन तं बसवून द्या."

मी ठेवले होते. विचारलं, "जेवण जात नाही ना?"

"जेवन तं कसं बी जाते." ते म्हणाले. "मागावर बसलो की तोंडातून हाक निघून जाते म्याडम. ध्यानात नाही राहत. दिवसातून चार-पाचदा. तोच आवाज, तसाच. मंग मी कान देऊन बसतो, मूर्खावानी. आता तो आवाज माह्या तोंडात नोको."

स्क्रू एकेक करून आवळले. मोजायला लावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अंकुर त्यांना जवाहरनगरला घेऊन गेला. मागाच्या खड्ड्यात मुरूम भरून वर फरशी केली, घर भाड्यानं दिलं. आता ते क्वार्टरमध्ये राहतात. सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडतात. तब्येत चांगली झाली आहे, चणे-फुटाणे खातात. दर सहा महिन्यांनी दात साफ करायला येतात. मी विचारेन तेवढ्याचं उत्तर देतात, आपणहून काही बोलत नाहीत. उच्चार मात्र अगदी स्वच्छ झाले आहेत.